सोयाबीनची भूक आणि युरियाची बॅग

परभणीहून गंगाखेडकडे निघालं की वाटेत पोखर्णी लागतं. नृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव मराठवाड्यात सर्वांना ठाऊक आहे. भोवतालचं रान काळं, चिकण, पावसात पाय रुतवणारं आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारं. खरिपात या रानावर सोयाबीनचं राज्य असतं. रब्बीत ज्वारी-हरभऱ्याच्या जोडीला अजूनही काही जण करडई पेरतात. सोयाबीन आणि करडई, दोन्ही गळिताची पिकं. त्यांच्या खताच्या शिफारशी शेजारी शेजारी ठेवल्या, की एक कोडं उभं राहतं.

सोयाबीनच्या दाण्यात तेल असतं सुमारे २० टक्के आणि प्रथिनं त्याच्या दुप्पट, म्हणजे ४० टक्क्यांच्या आसपास. प्रथिनांच्या वजनातला साधारण सहावा भाग निव्वळ नत्राचा. एकरी आठ क्विंटल सोयाबीन घरी आलं, तर नुसत्या दाण्यातच जवळपास ५० किलो नत्र असतं. पाला, खोड आणि मुळं धरली तर पिकाने उचललेलं नत्र ६० किलोंच्या वर जातं. ४५ किलोंच्या युरियाच्या तीन बॅगांमध्ये मिळून एवढं नत्र असतं. आणि परभणीचं वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ सोयाबीनला नत्र द्यायला सांगतं हेक्टरी ३० किलो, म्हणजे एकरी अवघं १२.

करडईचं बरोबर उलट. तिच्या दाण्यात प्रथिनं सोयाबीनच्या निम्म्याहून कमी, कोरडवाहूत उताराही कमी. तिची नत्राची एकूण गरज सोयाबीनच्या जेमतेम एक तृतीयांश भरेल. तरी तिला शिफारस हेक्टरी ४० ते ६० किलोंची. ज्याची भूक मोठी त्याला कमी, आणि जिची भूक लहान तिला जास्त. हे कसं?

डोक्यावर साठा, पण उपयोग नाही

हवेचा ७८ टक्के भाग नत्राचा आहे. म्हणजे एकरभर रानावर टनावारी नत्र कायम उभं असतं. पण हवेतल्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने इतके घट्ट धरून असतात, की झाडाला ते सोडवता येत नाहीत. मुळांना नत्र लागतं ते पाण्यात विरघळलेलं, अमोनियम किंवा नायट्रेटच्या रूपात.

हा बंध तोडण्याचे दोन मोठे मार्ग आहेत. एक कारखान्याचा. जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी १९०९ साली हवेतल्या नत्रापासून प्रयोगशाळेत अमोनिया करून दाखवला. कार्ल बॉश यांनी ती कृती कारखान्यात आणली आणि १९१३ साली ओप्पाऊ इथे उत्पादन सुरू झालं. त्यासाठी ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या शेकडो पट दाब लागतो. आपल्याकडे अलिबागजवळच्या थळ इथल्या कारखान्यात नैसर्गिक वायू वापरून युरिया तयार होतो, तोही याच मार्गाने. म्हणून युरियाची प्रत्येक बॅग ही मुळात वायू जाळून मिळवलेली ऊर्जा आहे.

दुसरा मार्ग मातीतल्या काही जिवाणूंचा. नायट्रोजिनेज नावाच्या विकराच्या साहाय्याने, रानाच्या साध्या तापमानात ते हेच काम करतात. डाळवर्गीय झाडांच्या मुळांवरच्या गाठी नत्र मिळवून देतात, हे हेल्रिगेल आणि विल्फार्थ या जर्मन संशोधकांनी १८८० च्या दशकात सिद्ध केलं. १८८८ साली डच शास्त्रज्ञ बायजेरिंक यांनी त्या गाठींतला जिवाणू वेगळा काढला. सोयाबीन डाळवर्गातलं, म्हणून हा मार्ग त्याला खुला आहे. करडई सूर्यफुलाच्या कुळातली आहे. तिच्या मुळांवर गाठी येत नाहीत, आणि मातीत जे असेल आणि आपण जे देऊ, त्यावरच तिला भागवावं लागतं.

गाठीच्या आत

पेरणीनंतर पाचव्या-सहाव्या आठवड्यात सोयाबीनचं एखादं झाड मातीच्या ढेकळासकट खुरप्याने उकरून काढावं. उपटू नये, कारण उपटताना गाठी जमिनीतच तुटून राहतात. मुळं बादलीभर पाण्यात अलगद धुतली की सोटमुळाच्या वरच्या भागावर मोहरीपासून ज्वारीच्या दाण्याएवढ्या गोल गाठी दिसतात. त्यातल्या चार-पाच नखाने चिराव्यात. आत गुलाबी किंवा लालसर रंग असेल तर गाठ कामावर आहे. पांढरी असेल तर अजून काम सुरू झालेलं नाही, किंवा आतला जिवाणू निकामी आहे. हिरवट किंवा तपकिरी असेल तर तिचं आयुष्य संपलं. खताबद्दल निर्णय घेण्यासाठी याहून स्वस्त तपासणी मला माहीत नाही, आणि ती फार थोड्या रानांत होते याचं वाईट वाटतं.

तो गुलाबी रंग येतो लेगहिमोग्लोबिनमुळे. हे आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच नात्यातलं प्रथिन आहे, आणि त्याची गरज एका पेचातून आलेली आहे. नायट्रोजिनेजला प्राणवायू लागला की ते बिघडतं, पण जिवाणूला श्वासासाठी प्राणवायू हवाच. लेगहिमोग्लोबिन प्राणवायूला धरून ठेवतं आणि जिवाणूला मोजून-मापून पोचवतं. जिवाणू जगतो आणि विकरही शाबूत राहतं.

झाड आणि जिवाणू यांच्यातला व्यवहार मुळांनी सोडलेल्या रासायनिक खुणेपासून सुरू होतो. ती ओळखून जिवाणू केसमुळाशी येतो, केसमूळ वळतं, जिवाणू आत शिरतो आणि त्याच्याभोवती गाठ वाढते. पानात तयार झालेली साखर झाड गाठीकडे धाडतं, आणि गाठ त्या बदल्यात नत्र देते. हे सगळं जुळून यायला तीन-चार आठवडे लागतात. तोवर रोपाला जी थोडी टंचाई भासते, ती भागवण्यासाठी पेरणीच्या वेळचे ते एकरी १२ किलो. पुढे फुलोऱ्यापासून शेंगा भरेपर्यंत गाठींचं काम जोरात असतं. चांगल्या पिकाच्या एकूण नत्रापैकी निम्मं ते ६० टक्के अशा रीतीने हवेतून येतं. उरलेलं बहुतेक मातीतल्या सेंद्रिय पदार्थांच्या कुजण्यातून मिळतं.

युरिया पडला की काय होतं

अनेक ठिकाणी एक रीत पडून गेली आहे. पेरणीला डीएपीची बॅग, आणि वीस-पंचवीस दिवसांनी पाऊस झाला की वरून युरिया फोकायचा. पीक चार दिवसांत काळंभोर होतं. शेजाऱ्याच्या रानातला रंग पाहून बांधापलीकडचाही बॅग आणतो.

आता गाठीकडे पाहू. मातीत नायट्रेट मुबलक झालं, की ते मुळांनी नुसतं उचलणं झाडाला गाठी पोसण्यापेक्षा कमी खर्चाचं पडतं. म्हणून झाड नव्या गाठी बांधायचं कमी करतं आणि असलेल्या गाठींकडे जाणारी साखर आखडतं. शेजारणीकडून रोज भरलेला डबा येऊ लागला तर घरची चूल कोण पेटवेल? पण हा डबा येतो तीन आठवडे, आणि भूक लागते पुढचे दोन महिने. युरियाचं नत्र ऑगस्टच्या पावसात निम्मंअधिक संपून जातं. शेंगा भरायच्या वेळी गाठींची फौज हवी असते, तेव्हा ती अर्धीच उभी राहिलेली असते.

वर वाढलेल्या पाल्याचा त्रास वेगळाच. पीक माजतं, उंच होतं, एकमेकांत शिरतं. जोराच्या वाऱ्या-पावसात लोळतं. खालच्या फांद्यांना ऊन लागत नाही आणि फवारणी खालपर्यंत पोचत नाही. हिरव्या रंगावर पैसे खर्च होतात, पण बाजारात विकला जातो तो दाणा.

पिवळं पान म्हणजे नत्राची कमतरताच, असं नाही

युरिया फोकण्याचं दुसरं कारण म्हणजे पिवळेपणा. झड लागून गेल्यावर आमच्याकडच्या काळ्या रानात सोयाबीन पिवळं पडतं आणि पाय आपसूक खताच्या दुकानाकडे वळतात. तिथे जाण्याआधी पिवळेपणा झाडाच्या कोणत्या पानांवर आहे ते नीट पाहावं.

नत्र झाडाच्या आत फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढून कोवळ्या पानांना देतं, त्यामुळे नत्राची कमतरता खालच्या पानांवर दिसते आणि सगळं पान सारखं फिकट होतं. लोह मात्र एकदा पानात बसलं की सहजी हलत नाही. म्हणून लोहाची कमतरता शेंड्याकडच्या कोवळ्या पानांवर दिसते: शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. चुनखडीच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत लोह असूनही मुळांना उचलता येत नाही, आणि झडीनंतर हे हमखास होतं. तिथे युरिया टाकून पान हिरवं होत नाही. वाफसा येऊ द्यावा, पाणी बाहेर काढावं, गरज पडली तर लोह असलेल्या सूक्ष्म अन्नद्रव्याची फवारणी करावी. आणि पानांवर हिरवे-पिवळे ठिपके विखुरलेले असतील, तर तो पांढऱ्या माशीने आणलेला पिवळा मोझॅक असू शकतो. त्याला कुठलंच खत चालत नाही, सुरुवातीचीच झाडं उपटून नष्ट करावी लागतात.

जमीन चिबडली तर गाठींचाही श्वास कोंडतो, म्हणून पाण्याचा निचरा हाही नत्राचाच प्रश्न आहे. रुंद वरंबा-सरीची पेरणी, किंवा निदान दर चार ओळींनंतर काढलेली सरी, यांचा उपयोग एरवी ओल टिकवण्यासाठी सांगितला जातो. झडीच्या दिवसांत त्याच सऱ्या गाठी वाचवतात.

बॅगेतलं नत्र जातं कुठे

युरियात ४६ टक्के नत्र असतं, पण पिकाला मिळतो त्याचा तुकडा. सर्वसाधारणपणे दिलेल्या नत्राचा ३० ते ५० टक्के भाग त्या हंगामाच्या पिकात पोचतो. बाकीचं तीन वाटांनी जातं.

पहिली वाट वर. मातीतल्या युरिएज या विकरामुळे युरियाचं दोन-चार दिवसांत अमोनियम होतं. आपल्या जमिनीचा सामू बहुधा ७.५ ते ८.५, म्हणजे अल्कधर्मी. अशा जमिनीच्या पाठीवर दाणे उघडे पडले आणि वरून ऊन तापलं, तर अमोनियमचा अमोनिया वायू होऊन उडतो.

दुसरी वाट खाली. मातीतले जिवाणू अमोनियमचं नायट्रेट करतात. काळ्या मातीच्या कणांवर ऋण भार असतो. धन भाराचं अमोनियम त्यांना चिकटून राहतं, ऋण भाराचं नायट्रेट मोकळं राहतं आणि पाण्याबरोबर झिरपून मुळांच्या खाली, पुढे विहिरीत उतरतं.

तिसरी वाट आपल्या चिकण रानांत फार मोठी, आणि तिच्याकडे लक्ष सर्वांत कमी. पाणी साचलं की मातीत प्राणवायू संपतो. मग काही जिवाणू श्वासासाठी नायट्रेटमधलाच प्राणवायू ओढतात आणि नत्र पुन्हा वायू होऊन हवेत परततं. त्याचा काही भाग नायट्रस ऑक्साइड म्हणून जातो. हवा तापवण्यात हा वायू वजनाला वजन घेतल्यास कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट भारी पडतो.

युरियाला निंबोळी तेल चोळण्यामागचा हेतू मधली पायरी लांबवण्याचा आहे. निंबोळीतल्या कडू द्रव्यांनी अमोनियमचं नायट्रेट करणारे जिवाणू मंदावतात. २०१५ पासून देशात तयार होणारा सगळा युरिया निंबोळी लावूनच येतो. त्याने गळती कमी होते, थांबत नाही. बॅग ५० ची ४५ किलोंची झाली ती २०१८ मध्ये. तिची किंमत २६६ रुपये ५० पैसे, तर डीएपीची बॅग १३५० रुपयांची. एवढ्या स्वस्त वस्तूचा हात सैल सुटला तर नवल नाही. पण खरा खर्च सरकारी अनुदानातून भागतो, म्हणजे तो आपल्याच खिशातून जातो.

━━━━━━━━━━
चौकट: एका एकर सोयाबीनचा हिशेब

विद्यापीठाची शिफारस हेक्टरी ३० किलो नत्र, ६० स्फुरद, ३० पालाश आणि २० गंधक. म्हणजे एकरी १२, २४, १२ आणि ८ किलो.

डीएपीची एक बॅग (५० किलो): ९ किलो नत्र, २३ किलो स्फुरद. उरलेल्या नत्राला सहा-सात किलो युरिया पुरतो. गंधक शून्य, ते वेगळं द्यावं लागतं.

सिंगल सुपर फॉस्फेटच्या तीन बॅगा: २४ किलो स्फुरद, आणि सोबत १६ किलोंवर गंधक. नत्रासाठी २६ किलो युरिया.

दोन्ही प्रकारांत पालाशासाठी २० किलो म्युरेट ऑफ पोटॅश. माती परीक्षणात पालाश भरपूर निघालं तर तज्ज्ञांना विचारून कमी करता येतं.

डीएपीची बॅग आणि वरून युरियाची पूर्ण बॅग: सुमारे ३० किलो नत्र. शिफारशीच्या अडीच पट.
━━━━━━━━━━

गंधकाची आठवण

गळिताच्या पिकात गंधक कमी पडलं, तर दिलेलं नत्रही पूर्ण वापरलं जात नाही. प्रथिनं बांधताना झाडाला नत्राबरोबर थोडं गंधक लागतंच, आणि तेल तयार होण्याच्या कामातही त्याचा वाटा असतो. पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेटमधून ते नकळत मिळत होतं. डीएपीचा वापर वाढला तसं ते रानातून नकळत कमी होत गेलं. डीएपी मिळत नाही म्हणून जूनमध्ये ठिकठिकाणी रांगा लागतात. सुपर फॉस्फेट जड असतं, तीन बॅगा वाहून न्याव्या लागतात, हे खरं. तरी सोयाबीन आणि करडईसाठी मी तरी सुपर फॉस्फेटलाच पसंती देईन.

जिवाणूची पुडी

गाठी जोमदार हव्या असतील तर पेरणीआधी बियाण्याला जिवाणू खत लावणं हे सर्वांत कमी पैशाचं काम. सोयाबीनला ब्रॅडीरायझोबियम या गटातला जिवाणू लागतो. मुगाची किंवा हरभऱ्याची पुडी सोयाबीनला चालत नाही, म्हणून पाकिटावर पिकाचं नाव पाहूनच घ्यावं आणि मुदतही वाचावी. पुडी २५० ग्रॅमची असेल तर ती दहा किलो बियाण्याला पुरते. आता द्रवरूपातही मिळतं. आधी बुरशीनाशक, मग लागत असेल तर कीटकनाशक, आणि जिवाणू सर्वांत शेवटी. बियाणं सावलीत सुकवून त्याच दिवशी पेरावं. पुडी उन्हात, टपावर ठेवून आणली तर आतले जिवाणू मेलेले असतात, आणि मग लोक म्हणतात की या खताचा काही फायदा होत नाही.

करडईला मात्र नत्र द्यायलाच हवं

आता कोड्याचा दुसरा भाग. करडईला हवेतलं नत्र मिळवता येत नाही. तिच्याकडे आहे ते खोल जाणारं सोटमूळ. भारी रानात ते दीड-दोन मीटर आणि त्याहूनही खाली उतरतं, आणि पावसाळ्यात खाली झिरपलेलं जे नायट्रेट मुळांच्या कक्षेत उरलं असेल, ते ओलीबरोबर वर आणतं. खरिपाच्या पिकाच्या तावडीतून सुटलेलं नत्र वापरणारं असं पीक रब्बीत क्वचितच असतं. परभणी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’, ‘पूर्णा’ असे करडईचे चांगले वाण दिले, तरी तिचं क्षेत्र आक्रसत गेलं याची मला मनापासून खंत वाटते.

सोयाबीनमुळे जमिनीत नत्र साठतं आणि पुढच्या पिकाला खत लागत नाही, असा समज आहे. तो अर्धाच खरा. सोयाबीनने हवेतून जेवढं नत्र घेतलं, जवळजवळ तेवढं किंवा त्याहून जास्त दाण्याबरोबर आडत बाजारात जातं. रानात उरतात गळलेली पानं, मुळं आणि गाठी. मळणीनंतरचा भुसा बांधावर पेटवला तर त्यातलंही नत्र धुराबरोबर जातं. भुसा रानात पसरला किंवा जनावरांमार्फत शेणखत होऊन परतला, तरच करडईला सोयाबीनचा खरा आधार मिळतो.

म्हणून करडईला नत्र बाहेरून द्यायचं, पण देण्याची जागा निवडून. रब्बीत पाऊस नसतो, वरची चार बोटं माती पंधरा दिवसांत कोरडी होते. त्या कोरड्या थरावर फोकलेला युरिया मुळांपर्यंत जातच नाही. त्यासाठी आपल्याकडे जुनी आणि उत्तम सोय आहे, ती म्हणजे दोन चाड्यांची पाभर. एका चाड्यातून बी, दुसऱ्यातून खत, आणि खत बियाण्याच्या शेजारी किंचित खोल, ओलीच्या थरात पडतं. कोरडवाहूत सगळं नत्र पेरणीलाच असं द्यावं. ओलिताची सोय असेल तर अर्धं पेरणीला आणि अर्धं महिन्याभराने पाण्याच्या पाळीबरोबर.

इथेही हात आखडता हवा. प्रमाणाबाहेर नत्र गेलं की करडई कोवळी, रसाळ राहते आणि मावा तिच्यावर तुटून पडतो. शिवाय दाण्यात प्रथिनाचा वाटा वाढतो आणि तेलाचा घटतो, कारण दोन्हींसाठी लागणारा कच्चा माल एकाच पानातून येतो. घाण्यावर तेल काढून घेणाऱ्याला हा फरक डब्यात दिसतो.

एक पट्टा सोडून पाहावा

ज्या रानात दरवर्षी युरियाची बॅग पडते, तिथे शिफारशीचं खत आणि जिवाणू सगळीकडे सारखं देऊन, मधली आठ तासं वरच्या युरियाविना ठेवता येतात. पट्टा रानाच्या मधोमध असावा, बांधाशी किंवा पाणी साचणाऱ्या जागी नको. चाळिसाव्या दिवशी दोन्ही भागांतली चार-चार झाडं उकरून गाठी मोजाव्या आणि चिरून रंग पाहावा. काढणीला त्या आठ तासांची सुडी वेगळी लावावी, शेजारच्या युरियाच्या आठ तासांची वेगळी, आणि मळणी झाल्यावर दोन्ही पोत्यांचं वजन करावं. जो फरक निघेल, त्यातून बॅगेचे २६६ रुपये आणि ती फोकण्याची मजुरी निघते की नाही, हे काट्यावर तिथल्या तिथे कळतं.